देण्यांआधी तारखा : जपानला परतण्यापूर्वीच्या हिशेबाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

भाचीला जपानमधील एका कंपनीचे नियुक्तिपत्र मिळाले असून ऑक्टोबरच्या मध्यास तिने रुजू व्हायचे आहे. एप्रिल २०१७ पासून ती तिथेच नोकरीला होती. ऑगस्ट २०२३ अखेर तिने पहिली नोकरी सोडली आणि दुसरी शोधत असतानाच भाऊजींना पक्षाघाताचा झटका आल्यामुळे २० जानेवारी २०२४ रोजी हाती लागेल ते सामान घेऊन ती पुण्यास निघून आली. त्या धांदलीत तिथल्या नगरपालिकेत स्थलांतराची नोंद करायची राहिली. तिथला रहिवासी कर, आरोग्य विम्याचे आणि निवृत्तिवेतनाचे हप्ते थकले; इथे बाणेरच्या सदनिकेचा मिळकतकर, एका वर्षाचे आयकर विवरणपत्र आणि आयुर्विम्याचे हप्ते थकले. मी आयुष्यभर लेखा विभागात काम केले असल्यामुळे ताईने हे काम माझ्याकडे सोपवले.

जे कागद सापडतील त्यांवरचे आकडे भरून मोकळे व्हावे, असे घरातल्या सर्वांचे मत होते, परंतु मी त्यास संमती दिली नाही. यांतील बहुतेक देण्यांचा आकडा ‘त्या दिवशी ही व्यक्ती कोठे राहत होती’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो, आणि ते उत्तर कागदोपत्री पक्के झाल्याशिवाय भरलेला पैसा नको तिथे जातो व हव्या त्या ठिकाणी थकबाकी तशीच उरते. म्हणून आज कोणताही भरणा न करता फक्त तारखांचा तक्ता तयार केला. नोकरीचा शेवटचा दिवस, जपान सोडल्याचा दिवस, मुंबईत उतरल्याचा दिवस, हिंजवडीच्या नोकरीचा पहिला दिवस आणि आगामी प्रयाणाचा दिवस अशा नोंदी करून प्रत्येकीसमोर पुरावा कोणता, हे लिहिले.

२० ऑगस्ट, बुधवार

रहिवासी कराचे स्वरूप आज भाचीला समजावून सांगितले. हा कर १ जानेवारी रोजी ज्या नगरपालिकेत तुमची वस्ती असेल ती नगरपालिका आकारते, तोही आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर. दर साधारण दहा टक्के, त्यापैकी सहा टक्के नगरपालिकेचे व चार टक्के प्रांताचे. त्याशिवाय माणशी ठरावीक रक्कम असते, जी २०२४ पासून वन पर्यावरण कराचे १,००० येन धरून ५,००० येन होते. नोकरदाराच्या पगारातून तो जून ते मे असा दरमहा कापला जातो आणि नोकरी सुटली की उरलेल्या रकमेची भरणापत्रे घरी येतात. ही भरणापत्रे जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा चार मुदतींची असतात.

‘‘मामा, २०२४ मध्ये मी तिथे जेमतेम तीन आठवडे होते. मग वर्षभराचा कर कसा?’’ हा तिचा प्रश्न रास्त आहे. हा कर २०२४ च्या वास्तव्याचा नसून २०२३ च्या पगाराचा आहे. १ जानेवारी ही तो भरायचा की नाही आणि कोणाकडे, हे ठरवणारी तारीख आहे. डिसेंबरअखेर रीतसर स्थलांतर नोंदवून ती निघाली असती, तर २०२४ ची आकारणी झालीच नसती. पण १ जानेवारीला ती तिथेच होती, तेव्हा या करात सूट मिळण्यास वाव नाही. जानेवारी २०२४ चा एक हप्ता आणि त्यानंतरच्या वर्षाचे चारही हप्ते देणे आहेत.

विलंब आकार मुदतीनंतरच्या पहिल्या महिन्यास वार्षिक २.४ टक्के आणि त्यानंतर वार्षिक ८.७ टक्के या २०२५ च्या दराने लागतो. मात्र मला चिंता व्याजाची नसून जप्तीची आहे. स्मरणपत्र निघाल्यापासून दहा दिवसांत भरणा न झाल्यास न्यायालयात न जाता खाते जप्त करण्याचा अधिकार तिथल्या नगरपालिकेस कायद्यानेच आहे. ती स्मरणपत्रे तिने सोडलेल्या घराच्या पत्त्यावर गेली आणि ती कोणीही वाचली नाहीत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे तिथले कार्यालय आपल्याकडे पहाटे पाचला उघडते आणि दुपारी पावणेदोनच्या सुमारास बंद होते. म्हणून भाचीने हिंजवडीची बस पकडण्याआधीच फोन केला. दोन विभागांशी बोलणे झाले. कर विभागाने देणे मान्य असल्याचे ऐकून घेऊन नवी भरणापत्रे काढून देण्याची तयारी दाखवली. विमा विभागाचे उत्तर गुंतागुंतीचे निघाले. स्थलांतराची नोंद नसल्यामुळे राष्ट्रीय आरोग्य विम्याची आकारणी ती पुण्यात असतानाही चालू राहिली होती आणि जानेवारी २०२५ मध्ये तिची निवासाची मुदत संपून नोंदवहीतून नाव निघेपर्यंत बिले निघत राहिली. या बिलांची बेरीज तिच्या खऱ्या देण्याच्या कितीतरी पट आहे. देश सोडल्याच्या तारखेचा पुरावा पाठवल्यास फेरआकारणीचा विचार करू, असे त्या अधिकाऱ्यांनी अतिशय सौजन्याने सांगितले.

इथे एक अडचण निघाली. जपानमधून निघताना ती स्वयंचलित द्वारातून गेली होती आणि तिथे मागितल्याशिवाय शिक्का मारत नाहीत. पारपत्राची पाने एकेक करून उजेडात धरली. जपानचा प्रयाणाचा शिक्का कोठेही नाही. परंतु एका कोपऱ्यात, जुन्या शिक्क्यावर अर्धवट चढलेला, मुंबई विमानतळाचा २१ जानेवारी २०२४ चा आगमनाचा शिक्का आहे आणि भिंगातून तारीख स्पष्ट वाचता येते. त्या पानाची रंगीत प्रत, विमानाचे तिकीट, बोर्डिंग पासचा तुकडा आणि भाऊजींच्या रुग्णालयातील दाखल्याची प्रत असा संच केला. एवढ्याने भागले नाही तर जपानच्या प्रवेश-प्रयाण नोंदी अधिकृतपणे मागवता येतात, पण त्यास वेळ लागतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणेश चतुर्थी असल्यामुळे महापालिकेचे काम आजच उरकले. मिळकतकराच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे हे सर्व देण्यांतले सर्वांत महाग कर्ज होय, आणि म्हणूनच तारखांचे पुरावे पक्के होण्याची वाट न पाहता ते आधी फेडले. सदनिका भाड्याने दिलेली असल्यामुळे स्वतः राहणाऱ्या मालकास मिळणारी चाळीस टक्के सवलत लागू नाही. ती मिळावी म्हणून अर्ज करून पाहा, असे शेजाऱ्यांनी सुचवले होते, पण खोट्या माहितीवर घेतलेली सवलत पुढे व्याजासह वसूल होते आणि तशी होणे योग्यच आहे. पावतीवर मिळकत क्रमांक व मालकाचे नाव तपासून घेतले. ही पावती आयकरासाठीही लागेल, कारण मिळकतकराची वजावट ज्या वर्षी तो प्रत्यक्ष भरला त्याच वर्षी मिळते.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल वस्तू व सेवा कर परिषदेने वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा २२ सप्टेंबरपासून करमुक्त केले. ताई व भाऊजींच्या आरोग्य विम्याचे नूतनीकरण २७ सप्टेंबरला आहे. विमा प्रतिनिधी या आठवड्यात हप्ता भरा म्हणत होते. आता २२ तारखेनंतर आणि २७ तारखेच्या आत भरायचा, म्हणजे अठरा टक्के वाचतील आणि पॉलिसीत एक दिवसाचाही खंड पडणार नाही. मुदतीनंतर मिळणाऱ्या सवलतीच्या दिवसांवर विसंबून राहणे मला मान्य नाही. भाऊजींच्या आजारानंतर कोणतीही कंपनी त्यांना नवी पॉलिसी सहजी देणार नाही, त्यामुळे जुनीची अखंडता हेच त्यांचे खरे संरक्षण आहे.

भाचीच्या आयुर्विम्याचे हप्ते फेब्रुवारी २०२४ पासून गेलेले नाहीत, कारण ज्या खात्यातून ते वळते होत त्यात शिल्लक नव्हती. पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत पॉलिसी पुनरुज्जीवित करता येते. व्याज आणि प्रकृती उत्तम असल्याचे घोषणापत्र द्यावे लागते, व गरजेनुसार वैद्यकीय तपासणीही सांगितली जाते. हे काम ती पुण्यात असतानाच व्हायला हवे.

८ सप्टेंबर, सोमवार

परवाच्या विसर्जनानंतर आज रस्ते मोकळे होते, म्हणून सनदी लेखापालांकडे जाऊन भारतीय आयकराचा विषय पूर्ण केला.

२०२३-२४ या आर्थिक वर्षात ती भारतात २१ जानेवारी ते ३१ मार्च एवढेच, म्हणजे ७१ दिवस होती. मागील चार वर्षांतील तिचे भारतातील वास्तव्यही सुट्ट्यांपुरतेच होते, म्हणून ती अनिवासी ठरते. जपानचा पगार इथे करपात्र नाही, पण बाणेरचे भाडे व ठेवींचे व्याज करपात्र आहे. अनिवासी व्यक्तीस कलम ८७अ ची, म्हणजे कमी उत्पन्नावरचा कर माफ करणारी, सूट मिळत नाही. उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा थोडेच अधिक असले तरी कर शून्य होत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विलंबित विवरणपत्राची मुदत उलटून गेली असल्यामुळे आता अद्ययावत विवरणपत्र हाच मार्ग आहे. ३१ मार्च २०२६ च्या आत ते भरल्यास कर व व्याजाच्या रकमेवर पंचवीस टक्के जादा कर लागेल. त्यानंतरच्या वर्षी हाच आकडा पन्नास टक्के होतो.

२०२४-२५ मध्ये ती पूर्ण वर्ष पुण्यात असल्यामुळे निवासी आहे, परंतु मागील सात वर्षांतील भारतातील दिवसांची बेरीज ७२९ च्या आत असल्याने ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात मोडते. त्यामुळे जपानमधील बँक खाते परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवण्याचे बंधन नाही. विवरणपत्र मात्र साध्या पहिल्या नमुन्यात चालत नाही, दुसऱ्या नमुन्यातच भरावे लागते.

चालू वर्षाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. नोकरीसाठी परदेशी जाणारा नागरिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात असेल तर अनिवासी ठरतो. ही मर्यादा गाठायची तर तिने २८ सप्टेंबरपर्यंत निघायला हवे, आणि भाऊजी तिकीट अलीकडे घेण्याचा आग्रह धरून बसले होते. पण १५ ऑक्टोबरला निघाल्यामुळे ती निवासी ठरली तरी वर्ग तोच राहतो, आणि जपानमध्ये केलेल्या कामाचा जपानमध्येच जमा होणारा पगार इथे करपात्र होत नाही. तेव्हा तिकीट बदलण्याचे कारण उरले नाही. मिळालेले दिवस थकीत कामांसाठी वापरता येतील.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दोन्ही विवरणपत्रे भरली व त्यांची ई-पडताळणी झाली. २०२४-२५ च्या विवरणपत्राची मुदत १५ तारखेपर्यंत असल्याने विलंब शुल्क लागले नाही. भाडे आणि व्याज आयकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणाशी ताडून घेतले.

देश सोडण्यासाठी आयकराचा दाखला लागतो, असे भाऊजींना कोणी तरी सांगितले होते. गंभीर आर्थिक गैरव्यवहार किंवा स्थगिती नसलेली दहा लाखांहून अधिक प्रत्यक्ष कराची थकबाकी अशा विरळा प्रकरणांतच तो मागितला जातो, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यांना ते वाचून दाखवले, तेव्हा त्यांचे समाधान झाले.

१७ सप्टेंबर, बुधवार

नगरपालिकेच्या विमा विभागाचे उत्तर आले. मुंबईचा शिक्का ग्राह्य धरून त्यांनी विमा संपल्याची तारीख २१ जानेवारी २०२४ अशी दुरुस्त केली. ज्या महिन्यात विमा संपतो त्या महिन्याचा हप्ता आकारत नाहीत, त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर २०२३ एवढ्या चार महिन्यांचेच देणे राहिले आणि त्यानंतरची बिले रद्द झाली. पहिल्याच दिवशी सगळी बिले भरली असती, तर ती रक्कम परत मिळवण्यास वेगळा अर्ज आणि कित्येक महिने लागले असते.

त्या शहरात हा विमा कराच्या स्वरूपात आकारला जात असल्याने वसुलीची मुदत पाच वर्षांची आहे. जिथे तो वर्गणीच्या स्वरूपात असतो तिथे ती दोन वर्षांची असते. थोडी वर्षे थांबा म्हणजे देणे आपोआप बुडेल, असा सल्ला तिला एका परिचिताने दिला होता. वापरलेल्या विम्याचे पैसे बुडवण्याची कल्पना मला मुळातच पटत नाही. शिवाय स्मरणपत्रांनी ती मुदत पुन्हा नव्याने सुरू होते.

तिच्या जुन्या कार्यालयातील एक मराठी सहकारी अजून तिथेच राहतात व त्यांनी कर-प्रतिनिधी होण्याचे मान्य केले आहे. देशाबाहेरील करदात्याच्या वतीने कागद स्वीकारणे आणि भरणा करणे हे त्यांचे काम. त्यासाठी नगरपालिकेकडे एक आणि राष्ट्रीय कर कार्यालयाकडे दुसरा असे दोन स्वतंत्र नमुने द्यावे लागतात. एकाकडे नोंद केली म्हणून दुसऱ्याला ती कळत नाही.

निवृत्तिवेतनाची भरणापत्रे मात्र सुदैवाने तिच्या जुन्या फाइलमध्येच मिळाली. प्रत्येक पत्रावर दोन तारखा छापलेल्या आहेत, एक भरण्याची मुदत आणि दुसरी ते पत्र वापरता येण्याची मुदत. सप्टेंबर २०२३ च्या पत्रावर दुसरी तारीख रेइवा ७, दहावा महिना, ३१ अशी आहे. रेइवा ही तिथल्या सम्राटाच्या कारकिर्दीवरून चालणारी कालगणना; त्या वर्षात २०१८ मिळवले की आपले वर्ष येते, म्हणजे ३१ ऑक्टोबर २०२५. त्यानंतर तो महिना इच्छा असूनही भरता येणार नाही. दरमहा १६,५२० येनप्रमाणे चार महिन्यांचे ६६,०८० येन होतात. बेकारीच्या काळासाठी माफीचा अर्ज करता आला असता, परंतु पूर्ण भरणा केल्यास निवृत्तिवेतनाची रक्कम कमी होत नाही. पत्रे आजच टपालाने त्या सहकाऱ्यांकडे रवाना केली.

देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत जमा वर्गणीचा काही भाग एकरकमी परत मागता येतो, आणि तो पर्याय तिला जानेवारी २०२६ पर्यंत खुला आहे. तो घेऊ नये असे मी सांगितले. पैसे उचलले की तो काळ पुसला जातो. तिथे निवृत्तिवेतनास दहा वर्षे लागतात आणि तिची सहाहून अधिक झालेली आहेत. त्यातून १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू असलेल्या भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारामुळे दोन्ही देशांतील काळ पात्रतेसाठी एकत्र धरता येतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. सकाळी आरोग्य विम्याचा हप्ता भरला आणि पावतीवर कराचा रकाना शून्य असल्याची खात्री केली. आयुर्विम्याची पॉलिसीही पुन्हा चालू झाली.

दुपारी बँकेत गेलो. परकीय चलन कायद्यानुसार ती नोकरीसाठी देश सोडताच अनिवासी होते, म्हणून तिचे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या रुपयांतील खात्याच्या, प्रकारात बदलण्याचा अर्ज तयार ठेवला. आयकराच्या दृष्टीने मात्र ती मार्चअखेरपर्यंत निवासीच आहे. दोन कायद्यांतील हा फरक भाडेकरूलाही सांगून ठेवला, कारण पुढील आर्थिक वर्षात ती अनिवासी झाली की भाड्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. जपानला पैसे पाठवण्यासाठी सुधारित मागणीपत्रे जोडली, त्यामुळे रक्कम कशासाठी पाठवता, या प्रश्नाचे उत्तर कागदांनीच दिले.

२९ सप्टेंबर, सोमवार

२०२३ मध्ये तिने नोकरी वर्षाच्या मध्येच सोडल्यामुळे वर्षअखेरीचे समायोजन, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा कंपनीने घालायचा अंतिम मेळ, झाले नव्हते व पगारातून जादा आयकर कापला गेला आहे. परताव्याचे विवरणपत्र पाच वर्षांपर्यंत भरता येते. शिवाय त्या वर्षी तिने भाऊजींना नियमित पैसे पाठवले होते. परदेशातील सत्तर वर्षांवरील अवलंबितासाठी आयकरात ४,८०,००० येन आणि रहिवासी करात ३,८०,००० येन वजावट आहे; भाऊजी तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. मात्र पैसे प्रत्येक अवलंबिताच्या नावे स्वतंत्र पाठवलेले असावे लागतात. सर्व रकमा भाऊजींच्या खात्यात आल्या असल्याने ताईसाठी वजावट मागता येणार नाही. भाचीच्या जन्मदाखल्याचे जपानी भाषांतर तिने स्वतः केले व बँकेच्या नोंदी जोडल्या.

या वजावटीमुळे रहिवासी कर सुमारे ३८,००० येनने उतरेल. तरीही फेरआकारणीसाठी न थांबता सध्याची मागणी पूर्ण भरण्यास सांगितले, कारण विलंब आकार रोज वाढतो आणि जादा गेलेली रक्कम नगरपालिका परत करते.

८ ऑक्टोबर, बुधवार

रहिवासी कर, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचे चारही महिने भरल्याच्या शिक्क्यांच्या प्रतिमा आज आल्या. मूळ पावत्या सहकाऱ्यांकडेच राहतील आणि भाची पोहोचल्यावर त्या ताब्यात घेईल. या पावत्या जपून ठेवण्याचे महत्त्व तिला पुन्हा सांगितले. व्हिसा देणारे कार्यालय कंपन्यांचे जे वर्ग करते त्यानुसार व्हिसा नूतनीकरणाच्या वेळी कर भरल्याचे दाखले मागितले जातात, आणि कायम निवासाच्या अर्जात कर, निवृत्तिवेतन व आरोग्य विमा वेळेवर भरल्याचे पाहतात. जून २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीनुसार तर हेतुपुरस्सर कर किंवा विमा बुडवणाऱ्याचा कायम निवासही रद्द होऊ शकेल.

आयकर परतावा आणि रहिवासी कराची फेरआकारणी ही दोन कामे चालू आहेत. दोन्हींचा पाठपुरावा कर-प्रतिनिधी करतील व ती तिथे पोहोचून पत्ता नोंदवताच त्यांची नेमणूक संपल्याचे दोन्ही कार्यालयांना कळवायचे आहे. घर मिळाल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेत आगमनाची नोंद करायची, जुनाच बारा अंकी वैयक्तिक क्रमांक द्यायचा आणि नव्या कंपनीचा आरोग्य विमा कोणत्या तारखेपासून सुरू झाला ते लेखी घ्यायचे, अशी तीन कामे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिली आहेत.